राज्य गेलं, पण डोळ्यांचे केसपेपर राहिले : तंजावरच्या सरफोजीराजांची गोष्ट

काचबिंदूचा पेशंट ओळखायची एक सोपी खूण आहे. त्याच्या हातात फुगलेली प्लास्टिकची फाईल असते. गेल्या वर्षीचं प्रेशर, त्याआधीच्या वर्षीचं प्रेशर, फील्ड टेस्टचे काळे-पांढरे नकाशे, नसांचे स्कॅन. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की फाईल कपाटात जाते. काचबिंदूची फाईल आयुष्यभर सोबत राहते. आमच्या चिखलोलीतून डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं तर बहुतेक जण अंबरनाथ, उल्हासनगर किंवा बदलापूर गाठतात आणि रिक्षात बसताना पिशवी विसरतील, पण ही फाईल विसरत नाहीत. कारण काल डोळा कसा होता हे माहीत नसेल, तर आज तो बिघडला की टिकला हे डॉक्टरलाही सांगता येत नाही.

डोळ्याची अशी फाईल ठेवायची सवय भारतात कोणी लावली, असं विचारलं तर आपण एखाद्या इंग्रज सिव्हिल सर्जनचं नाव घेऊ. पण दोनशे वर्षांपूर्वी हे काम एका मराठी राजाच्या दरबारात चाललं होतं. उपचाराआधी डोळा कसा दिसत होता, उपचारानंतर कसा दिसला, याची चित्रंसुद्धा काढून ठेवली जात होती. हा राजा म्हणजे तंजावरचे दुसरे सरफोजीराजे भोसले.

आधी हे तंजावरचं प्रकरण समजून घेऊ

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, यांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतलं आणि कावेरीच्या सुपीक खोऱ्यात मराठ्यांची एक वेगळी गादी उभी राहिली. ही गादी १८५५ पर्यंत टिकली. मधली जवळपास पावणेदोनशे वर्षं तिथे दरबारात मराठी, कागदावर मोडी, देवळात संस्कृत आणि रस्त्यावर तमिळ असा कारभार चालला. आपल्या शाळेच्या पुस्तकात हे सगळं एखाद-दुसऱ्या ओळीत संपतं. त्यामुळे सरफोजी हे नाव मुंबई-पुण्यापेक्षा तमिळनाडूत जास्त लोकांना माहीत आहे, आणि हे थोडं लाजिरवाणंच आहे.

सरफोजींचा जन्म १७७७ चा, भोसले कुळाच्याच एका शाखेतला. तंजावरचे राजे तुळजाजी यांना वारस उरला नव्हता. त्यांनी १७८७ मध्ये, मरणाच्या थोडं आधी, या नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतलं. इथपर्यंत सगळं रीतसर. पण तुळजाजी गेले आणि त्यांचे सावत्र भाऊ अमरसिंग यांनी गादीवर हक्क सांगितला. ईस्ट इंडिया कंपनीने पंडितांचं मत मागवलं. पंडितांनी दत्तकविधान शास्त्राला धरून नाही असा निर्वाळा दिला आणि गादी अमरसिंगांना मिळाली.

मुलाचं काय झालं? तो राजवाड्यातच राहिला, पण जवळजवळ कैद्यासारखा. शिक्षण नाही, मोकळं फिरणं नाही. ज्याला राजा व्हायचं होतं त्याला अक्षरओळखसुद्धा धड होऊ द्यायची नाही, हा जुना आणि खात्रीचा डाव होता.

तो डाव मोडला एका जर्मन पाद्र्याने. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हे कित्येक वर्षं तमिळ मुलखात काम करणारे मिशनरी होते. तुळजाजींनी शेवटच्या दिवसांत मुलाला त्यांच्या भरवशावर सोडलं होतं. श्वार्ट्झनी कंपनीकडे तक्रारींवर तक्रारी केल्या. अखेर १७९३ मध्ये सरफोजी आणि तुळजाजींच्या राण्यांना मद्रासला हलवण्यात आलं. तिथे गेरिके नावाच्या दुसऱ्या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली मुलाचं शिक्षण सुरू झालं. इंग्रजी, गणित, भूगोल, निसर्गविज्ञान. सोळा वर्षांच्या त्या मुलाने हे सगळं ज्या भुकेने घेतलं, ती भूक पुढे आयुष्यभर गेली नाही.

दरम्यान पंडितांचं मत पुन्हा मागवलं गेलं आणि आता दत्तकविधान वैध ठरलं. शास्त्र तेच, मुलगा तोच, मधे बदललं होतं ते कंपनीचं गणित. जून १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले. श्वार्ट्झ मात्र त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते. त्यांच्या मरणशय्येपाशी उभा असलेला तरुण राजा हे दृश्य पुढे फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने संगमरवरात कोरलं आणि ते शिल्प तंजावरच्या चर्चमध्ये आहे. श्वार्ट्झच्या थडग्यावरच्या इंग्रजी ओळी खुद्द सरफोजींच्या आहेत. एवढं असूनही राजा ख्रिस्ती झाला नाही. देवळं, यात्रा, दानधर्म सगळं परंपरेप्रमाणे चालू राहिलं. मिशनऱ्यांना याची हळहळ वाटत असे.

राजा झाले, पण राज्य वर्षभरच

२५ ऑक्टोबर १७९९ रोजी कंपनीने तह केला. तंजावरचा सगळा मुलकी आणि लष्करी कारभार कंपनीकडे गेला. राजाला उरला तंजावरचा किल्ला आणि त्याच्या आसपासचा थोडा भाग. बदल्यात वर्षाला एक लाख स्टार पगोडा, म्हणजे साधारण साडेतीन लाख रुपये, आणि महसुलाच्या निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा. सरफोजी तेव्हा २२ वर्षांचे होते.

इथे जरा थांबायला हवं. बावीस वर्षांच्या माणसाकडून सगळे अधिकार काढून घेतले, पण पैसा आणि वेळ मात्र भरपूर दिला, तर तो काय करेल? त्या काळात या प्रश्नाची उत्तरं देणारे राजे बरेच होते आणि बहुतेकांची उत्तरं शिकार, नाच आणि कर्ज या तीन शब्दांत संपतात. सरफोजींनी पुस्तकं मागवली.

तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय नायकांच्या काळापासूनचं. पण त्याला आजचं रूप आलं ते सरफोजींमुळे. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी पोथ्यांच्या शेजारी इंग्रजी, फ्रेंच, जर्मन पुस्तकं येऊन बसली. शरीररचना, रसायन, वनस्पतिशास्त्र, वीज. अनेक पुस्तकांवर राजाने इंग्रजीत सही केलेली आहे. १८२० ते १८२२ या काळात सुमारे तीन हजार माणसांचा लवाजमा घेऊन ते काशीला गेले. तिथूनही पोथ्या आणि घाटांची चित्रं तयार करवून आणली.

देवनागरी टाइपांचा छापखाना त्यांनी राजवाड्यात १८०५ च्या सुमारास उभारला आणि त्याला नाव दिलं नवविद्याकलानिधी. इसापच्या गोष्टींचं मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ तिथेच छापलं गेलं. मुंबईत मराठी छपाईने जोर धरला त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. ‘देवेंद्र कुरवंजी’ हे त्यांचं मराठी नाटक तर अजब आहे. कुरवंजी हा तमिळ लोकनाट्याचा प्रकार, त्यात भविष्य सांगणारी कुरव बाई येते. सरफोजींची बाई मात्र जगाचा भूगोल सांगते. खंड, देश, समुद्र. नाचता-गाता भूगोल शिकवायची ही कल्पना आजच्या एखाद्या एज्युटेक कंपनीला सुचली असती तर तिने लगेच गुंतवणूकदार शोधले असते.

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये त्यांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. जगातल्या मोठ्या शिलालेखांमध्ये त्याची गणना केली जाते. आमच्याकडच्या अंबरनाथच्या शिवमंदिरात १०६० चा शिलालेख आहे. बृहदीश्वर साधारण त्याच शतकातलं, १०१० च्या आसपास पूर्ण झालेलं. अंबरनाथचं देऊळ बघत मोठ्या झालेल्या माणसाला तंजावरच्या तेवढ्याच जुन्या चोळ भिंतीवर मराठी वाचायला मिळते, तेव्हा अंतर एकदम कमी झाल्यासारखं वाटतं.

धन्वंतरी महालात काय चालायचं?

आता मूळ विषयाकडे. सरफोजींनी धन्वंतरी महाल नावाची संस्था उभी केली. दवाखाना, औषधशाळा आणि संशोधन केंद्र यांचं ते मिश्रण होतं. वैशिष्ट्य असं की तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय वैद्यक या सगळ्यांना जागा होती. माणसांसाठी औषधं बनत, तशी जनावरांसाठीही. गुण आलेले पाठ तपासून तमिळ पद्यात लिहून ठेवले गेले आणि ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने ते ओळखले जातात. शरभेंद्र म्हणजे सरफोजीच. त्यात डोळ्यांच्या रोगांवर वेगळा भाग आहे.

आणि मग ते केसपेपर. सरस्वती महालात जपलेल्या या कागदांमध्ये डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी आहेत. रुग्णाची तक्रार, डोळ्याची अवस्था, केलेला उपचार, त्याचा परिणाम. सोबत डोळ्यांची रंगीत चित्रं. कॅमेरा अजून जन्माला यायचा होता, म्हणून चित्रकाराला बसवून डोळा काढून घेतला. तंजावरला चित्रकारांची कमी नव्हतीच.

सरफोजी स्वतः मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया करत, हत्यारांची पेटी सोबत घेऊनच फिरत, असं नेहमी सांगितलं जातं. इंटरनेटवर तर त्यांना थेट नेत्रशल्यचिकित्सक राजा अशी पदवी मिळालेली आहे. राजाला शरीरशास्त्राची गोडी होती, पुस्तकं आणि उपकरणं त्याने मागवली होती, याबद्दल शंका नाही. पण दरबारात युरोपीय डॉक्टर होते, देशी वैद्यही होते, आणि प्रत्येक डोळ्यावरचा हात राजाचाच होता असं धरून चालणं घाईचं आहे. मला स्वतःला तो मुद्दा दुय्यम वाटतो. सुई कोणी धरली यापेक्षा सुई लावल्यानंतर काय झालं हे लिहून ठेवायचा हट्ट कोणी धरला, हे जास्त महत्त्वाचं आहे.

कारण त्या काळची मोतीबिंदूची पद्धत आठवून बघा. गावोगाव फिरणारे सुईवाले वैद्य डोळ्यात सुई घालून पांढरं झालेलं भिंग मागे ढकलून देत. सुश्रुतसंहितेपासून चालत आलेली ही युक्ती. भिंग बाजूला झालं की रुग्णाला क्षणात उजेड दिसे, बोटं मोजता येत, वैद्याला पैसे मिळत आणि वैद्य पुढच्या गावाला जाई. फ्रान्समध्ये जाक दाव्हिएल यांनी अठराव्या शतकाच्या मध्यात भिंग बाहेर काढायची पद्धत दाखवली होती, पण जगभर अजून सुईच जास्त चालत होती. भूल देण्याचं औषध नव्हतं. ईथर १८४६ मध्ये आलं, डोळा बधिर करणारं कोकेन १८८४ मध्ये.

फिरत्या वैद्याला कधीच कळत नसे ते महिन्याभरानंतरचं. आत ढकललेलं भिंग डोळ्यात तसंच पडून राही. कधी सूज येई, कधी पू होई, आणि कधी डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट बंद होऊन दाब वाढे. म्हणजे मोतीबिंदू घालवायला गेले आणि काचबिंदू घेऊन आले. हे पकडायचं तर रुग्ण पुन्हा यायला हवा आणि आधीची नोंद समोर हवी. धन्वंतरी महालात या दोन्ही गोष्टींची सोय झाली होती.

पण काचबिंदूवर त्यांच्याकडे उत्तर होतं का?

नव्हतं. त्या वेळी ते कोणाकडेच नव्हतं.

डोळ्याच्या पुढच्या भागात सतत स्वच्छ पाणी तयार होत असतं. अश्रूंचा याच्याशी संबंध नाही, हे पाणी आतलं आतच फिरतं. बुबुळाच्या रंगीत पडद्यामागे एक वर्तुळाकार भाग असतो, त्याला सिलिअरी बॉडी म्हणतात. तिथे मिनिटाला साधारण दोन ते अडीच मायक्रोलिटर पाणी बनतं आणि बुबुळाच्या कडेच्या जाळीतून निचरून जातं. निचरा तुंबला की दाब वाढतो. साधारणपणे १० ते २१ मिलिमीटर पारा हा दाब नेहमीचा मानतात. वाढलेला दाब मागच्या नसेला हळूहळू मारतो. आधी कडेची नजर जाते, समोरचं दिसत राहतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेली नस परत येत नाही. मोतीबिंदूचं आंधळेपण उतरवता येतं, काचबिंदूचं येत नाही. भारतात काचबिंदूचे सुमारे १ कोटी २० लाख रुग्ण असावेत असा अंदाज दिला जातो आणि त्यातल्या बहुतेकांना आपल्याला तो आहे हेच ठाऊक नसतं.

सुश्रुतसंहितेत अधिमंथ नावाचा रोग आहे. डोळा घुसळून काढल्यासारखी वेदना, अर्धं डोकं दुखणं. आजचे आयुर्वेद अभ्यासक त्याचं नातं अचानक दाब वाढणाऱ्या काचबिंदूशी जोडतात. पण न दुखणारा, गुपचूप चालणारा काचबिंदू ओळखायचा तर डोळ्याच्या आत बघायला हवं आणि ते साधन हेल्महोल्ट्झने आणलं १८५१ मध्ये. डोळा दगडासारखा कडक होतो आणि हीच रोगाची मुख्य खूण आहे, हे विल्यम मॅकेन्झी या स्कॉटिश डॉक्टरने ठळकपणे मांडलं १८३० मध्ये. सरफोजी १८३२ मध्ये वारले. बर्लिनच्या फॉन ग्रेफेने बुबुळाच्या पडद्याचा तुकडा काढून काचबिंदूवर पहिली खरी शस्त्रक्रिया दाखवली तोपर्यंत १८५७ साल उजाडलं होतं.

आज उपायांची शिडी बरीच लांब आहे. आधी थेंब, मग लेसर, मग निचऱ्याची नवी वाट करणारी शस्त्रक्रिया किंवा बारीक नळी. एवढं करूनही काही डोळ्यांचा दाब ऐकत नाही. मधुमेहाने नव्या रक्तवाहिन्या फुटलेले डोळे, मार लागलेले डोळे, आधीची ऑपरेशन फसलेले डोळे. अशा वेळी डॉक्टर उलट्या बाजूने विचार करतात. मोरी साफ होत नसेल तर नळ बारीक करा. नळ म्हणजे सिलिअरी बॉडी.

ही कल्पना १९३० च्या दशकातली. तेव्हा विजेच्या उष्णतेने सिलिअरी बॉडीचा काही भाग जाळत. १९५० मध्ये इटलीच्या बिएत्ती यांनी जाळण्याऐवजी गोठवायला सुरुवात केली. दोन्ही प्रकार आडदांड होते, दुखायचे आणि डोळा सुकून जाण्याची भीती मोठी होती. १९७० च्या दशकात लेसर आलं. आता बहुतेक ठिकाणी ८१० नॅनोमीटरचा डायोड लेसर वापरतात. हा उजेड डोळ्याला दिसत नाही. इंजेक्शनने डोळा बधिर करून पेनासारखं टोक पांढऱ्या भागावर, बुबुळाच्या कडेपासून थोडं मागे टेकवतात. पांढऱ्या भागातून उजेड आत जातो, सिलिअरी बॉडीतलं गडद रंगद्रव्य तो शोषून घेतं आणि पाणी बनवणाऱ्या पेशींपैकी काही मरतात. चीर नाही, टाका नाही. मायक्रोपल्स नावाच्या नव्या प्रकारात उजेड सलग न देता तुटक-तुटक देतात, म्हणजे आजूबाजूला कमी भाजतं. तिसरा प्रकार डोळ्याच्या आत बारीक कॅमेरा घालून, बघत-बघत करायचा.

जाहिरातीत हे जेवढं सोपं दिसतं तेवढं नाही. किती पेशी माराव्यात याचं अचूक माप नाही. कमी मारल्या तर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा लेसर. जास्त मारल्या तर दाब इतका उतरतो की डोळा मऊ पडून नजर घटते. म्हणूनच पूर्वी हा उपाय ज्या डोळ्यात फारशी नजर उरलेली नाही त्यासाठी राखून ठेवत. आता नजर शाबूत असलेल्या डोळ्यांवरही तो विचारात घेतला जातो, पण जपून. गेलेली नजर या लेसरने परत येत नाही. दाब उतरला तर उरलेली नस वाचते आणि दुखणाऱ्या डोळ्याला आराम पडतो, इतकंच मागणं आहे. लेसरनंतर पुन्हा प्रेशर मोजायचं, पुन्हा नोंद करायची. फाईल जाड होत जाते.

जाता जाता एक गोष्ट. डोळे लाल झाले की मेडिकलमधून मनाने आणलेल्या थेंबांत अनेकदा स्टेरॉइड असतं. डोळा लगेच पांढरा होतो, म्हणून लोक महिनोन्‌महिने टाकत राहतात आणि काहींचा दाब त्यानेच चढतो. बाटलीवरचं नाव डॉक्टरला दाखवा.

शेवटची वर्षं

१८२६ च्या मार्चमध्ये कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर तंजावरला आले. दक्षिणेतल्या एका निवृत्त राजाकडून त्यांची फारशी अपेक्षा नसावी. समोर बसलेला माणूस लावाझिए आणि लिनियसबद्दल बोलू लागला. हेबर थक्क झाले, आणि आपल्या टिपणांमध्ये त्यांनी राजाच्या वाचनाचं आणि नेमबाजीचंही कौतुक करून ठेवलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ३ एप्रिलला, त्रिचनापल्लीत हेबर अचानक वारले. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने १८२८ मध्ये सरफोजींना सन्माननीय सदस्य केलं.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजी गेले. त्यांचा मुलगा शिवाजी गादीवर आला. तो १८५५ मध्ये पुत्राविना वारला आणि कंपनीने तंजावर खालसा केलं. राजवाड्याची मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत लढल्या. १८५९ मध्ये निकाल विरोधात गेला, कारण सरकारच्या अशा कृतीत न्यायालय पडू शकत नाही असं ठरलं.

पोथ्या मात्र जागच्या जागी राहिल्या. १९१८ मध्ये सरस्वती महाल लोकांसाठी खुलं झालं. डोळ्यांचे ते केसपेपर तिथेच होते, पण त्यांच्याकडे बाहेरच्या जगाचं लक्ष गेलं ते २००३ मध्ये. नंतर इतिहासकार सावित्री प्रीथा नायर यांनी त्या नोंदींवर शोधनिबंध आणि सरफोजींवर अख्खं पुस्तक लिहिलं. राजवाड्यातले मोडी कागद अजूनही गठ्ठ्यांनी पडून आहेत, आणि मोडी वाचणारे तंजावरात कमीच आहेत.